सिरपची बाटली आणि एक न बोललेला शब्द

मामूंची सोनोग्राफी झाली, रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड २' आलं. डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता का?" मामू तोंड उघडायच्या आत मुमानी म्हणाल्या, "नाही हो डॉक्टरसाहेब, आमच्यात चालत नाही." मी शेजारीच उभी होते. खरं काय ते मला माहीत होतं, मुमानींना माहीत होतं, अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. परतताना मुमानींनी मेडिकलमधून लिव्हरचं आयुर्वेदिक सिरप घेतलं. म्हणाल्या, "झाडपाल्याचंच आहे, नुकसान तर नाही ना करणार?"

हे मी मामूंना विचारून लिहिते आहे.

मुमानींचा प्रश्न साधा होता, म्हणून मी वाचायला बसले. झाडपाला थोतांड आहे, असं कुणी म्हणू नये. मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांपासून सिलिमारिन मिळतं. आपली कुटकी आणि भुईआवळा यांच्यावरही संशोधन झालं आहे. प्रयोगशाळेत, उंदरांवर हे अर्क यकृताच्या पेशींना जपताना दिसतात. पण माणसांवर काय? सिरोसिसच्या रुग्णांवरच्या १९८९च्या ऑस्ट्रियातल्या चाचणीने सिलिमारिनबद्दल आशा दाखवली. मग १९९८ साली स्पेनमध्ये दारूमुळे सिरोसिस झालेल्या २०० रुग्णांवर चाचणी झाली. सिलिमारिन घेणारे आणि न घेणारे, दोघांच्या आयुर्मानात फरक पडला नाही.

आणि "नुकसान नाही" हेही खरं नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आधीच थकलेल्या यकृतावर आपण आणखी काय लादतो, ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

खरी गोष्ट तर याहून सोपी आहे. यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंतलं की चरबी जाळायचं काम मागे पडतं आणि ती तिथेच साठते. या टप्प्यावर दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांत चरबी उतरू लागते. उद्या एखादा अर्क चाचण्यांत खरा उतरला तर आनंदच आहे. पण रोज संध्याकाळी क्वार्टर आणि सकाळी दोन चमचे सिरप, या हिशोबात कोणतीच वनस्पती जिंकणार नाही.

मग सिरप का विकत घेतलं जातं? कारण ते घेताना 'दारू' हा शब्द उच्चारावा लागत नाही. शराब हराम आहे, म्हणून आपल्या घरात पिणारा माणूसच नाही, असं आपण धरून चालतो. गुनाह आहे, मान्य. पण लोकांपासून लपवलेला गुनाह यकृतापासून लपत नाही. आपल्या अब्रूची किंमत पिणाऱ्याचं शरीर मोजतं.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. बाटल्या संपल्या होत्या, ग्रेड तोच होता. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मुमानी खाली बघत राहिल्या. मी म्हणाले, "घेतात. रोज." घरी येईपर्यंत मामू माझ्याशी बोलले नाहीत. पण उपचार त्या दिवशी सुरू झाले.

एक सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. आकडी येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतं आहे. तिथे जाणं ही बदनामी नाही. दवाखान्यात खोटं बोलून माणूस गमावणं, त्याला काय म्हणायचं ते आपणच ठरवू या.