म्येलेत्सची अर्धीच गोष्ट

कंपनीच्या कामासाठी मी वर्षभर पोलंडमधल्या क्राकूवला होतो. तिथं एक गोष्ट मला निदान पाच जणांनी ऐकवली. म्येलेत्स नावाचं गाव होतं, विमानांचा सरकारी कारखाना होता, साम्यवाद कोसळला तसा कारखानाही कोसळला, गाव बेकार झालं. मग 1995 मध्ये सरकारनं तिथं देशातलं पहिलं विशेष आर्थिक क्षेत्र काढलं. कंपन्यांना करात सूट दिली. कंपन्या आल्या, गाव वाचलं. आज तिथं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं बनतात. तात्पर्य: सरकारनं बाजूला व्हावं, कर माफ करावा, बाकी बाजार बघून घेतो.

यातली एकही घटना खोटी नाही. तरी तात्पर्य चुकीचं आहे, कारण गोष्ट 1995 ला सुरू होतच नाही.

म्येलेत्स हे पोलंडच्या आग्नेयेला, विस्वोका नदीकाठचं बाजाराचं छोटं गाव. 1930 च्या दशकात पोलिश सरकारनं देशाच्या मध्यभागी उद्योगपट्टा उभारायचं ठरवलं आणि या शेतकी भागात विमानांचा कारखाना आणला. कुठल्याही बाजाराला तेव्हा हे गाव नकाशावर सापडलं नसतं. मग युद्ध आलं. जर्मनांनी कारखाना ताब्यात घेऊन तिथं वेठीनं माणसं राबवली. गावातले ज्यू, म्हणजे जवळपास निम्मी वस्ती, 9 मार्च 1942 ला एका दिवसात हाकलले गेले. त्यातले फार थोडे जिवंत राहिले. या गावाच्या विकासाचा आलेख काढणाऱ्यांनी ही तारीखही त्यावर लिहावी.

युद्धानंतर कारखाना पुन्हा चालू झाला तो चाळीस वर्षं. आन्तोनोव्ह-2 ही दुपंखी विमानं इथं 11 हजारांहून जास्त बनली. भारतीय हवाई दलानं 1975 पासून वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जी इस्क्रा जेट विमानं वापरली, तीही म्येलेत्सचीच. आपल्या पोरांनी 2004 पर्यंत ती उडवली. गोल्फच्या मैदानावर फिरणाऱ्या बॅटरीच्या गाड्याही इथं बनायला लागल्या. ‘मेलेक्स’ हे त्यांचं नाव पोलिश भाषेत अशा कुठल्याही गाडीला चिकटलं, जसं आपल्याकडे वनस्पती तुपाला ‘डालडा’. कारखान्याच्या आधारावर वाढलेला स्ताल म्येलेत्स हा फुटबॉल क्लब 1973 आणि 1976 ला देशाचा विजेता झाला. 1974 च्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे सात गोल मारणारा ग्झेगोश लातो याच क्लबचा.

सोव्हिएत गिऱ्हाईक गेलं तेव्हा हे सगळं गडगडलं. क्लब 1996 ला वरच्या लीगमधून बाहेर पडला, तो थेट 2020 ला परतला.

आता विचार करा. 1995 नंतर आलेल्या गुंतवणूकदाराला म्येलेत्समध्ये काय मिळालं? करात सूट मिळालीच. पण सोबत तयार शेड मिळाल्या, वीज मिळाली, धावपट्टी मिळाली. आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक डोळ्यांनी पकडणारे टर्नर, फिटर, वेल्डर मिळाले. शिवाय त्यांची पुढची पिढी घडवणाऱ्या टेक्निकल शाळा. हे सगळं सरकारी पैशानं, दोन पिढ्या खपून तयार झालं होतं. अमेरिकेच्या सिकॉर्स्कीनं 2007 मध्ये विमान कारखाना घेतला तो रिकाम्या माळावरचा प्लॉट नव्हता.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. तीस वर्षं कुणीतरी कोड लिहिला, तुम्ही शेवटी एक बटण लावलं आणि रिलीजच्या मेलमध्ये फक्त बटणाचं कौतुक केलं.

यावर कुणी म्हणेल, बटण लावलं नसतं तर? बरोबर आहे. सूट दिली नसती तर ते टर्नर जर्मनीत गेले असते आणि शेडमध्ये कबुतरं राहिली असती. म्येलेत्सच्या क्षेत्रानं खरंच रोजगार दिला, हे मी नाकारत नाही. माझं भांडण त्या सवलतीशी नाही, ती दिली की विकास आपोआप होतो या श्रद्धेशी आहे.

कारण सवलतीनं काय आलं नाही तेही बघा. म्येलेत्सहून तीसेक किलोमीटरवर देंबित्सा आहे, क्राकूवच्या मुख्य रेल्वेमार्गावर. तिथं जाणारी प्रवासी गाडी 2009 मध्ये बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली 2021 ला. म्हणजे जे गाव जगाला हेलिकॉप्टर विकत होतं, तिथल्या कॉलेजच्या पोरांना बारा वर्षं रेल्वे नव्हती. 2018 ला तिथली माणसं कारखान्याच्या धुराविरुद्ध रस्त्यावर उतरली. रोजगार मोजणाऱ्या तक्त्यात धुराचा रकाना नसतो.

माझ्या टीममधली एक मुलगी म्येलेत्सची. शिकायला क्राकूवला आली आणि तिथलीच झाली. मी विचारलं, गावात तर एवढ्या कंपन्या आहेत, परत का जात नाहीस? ती म्हणाली, “काम आहे रे. कामानंतर काय करू?”

आणि 2018 मध्ये पोलंडनं कायदा बदलला. आता देशात कुठेही नवी गुंतवणूक केली की अशी सूट मागता येते. जी गोष्ट सगळ्यांकडे आहे, ती म्येलेत्सचं वैशिष्ट्य कशी राहणार? उरतात ते कारागीर, शाळा, नदी आणि आता आलेली ती गाडी.

आपल्याकडे सेझचा कायदा 2005 चा. तेव्हापासून प्रत्येक तालुक्याच्या नेत्याला करमाफीचं एक म्येलेत्स हवंय. त्यांना कुणीतरी विचारायला हवं: तुमच्या तालुक्यातल्या आयटीआयमधलं लेथ मशीन चालू आहे का? आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते?