अमेरिकेतल्या फीचा विमा
मुलांना अमेरिकेत पाठवणारे पालक ट्यूशनचा आकडा धरून कर्ज काढतात. मग बिलात आरोग्य विमा, तंत्रज्ञान शुल्क, प्रयोगशाळा शुल्क निघतं आणि घरचं गणित कोलमडतं. ही वाढीव रक्कम ट्यूशन इन्शुरन्स, म्हणजे फीचा विमा, भरून देत नाही. तो कामी येतो तो गंभीर आजारामुळे किंवा अपघातामुळे सत्र अर्धवट सोडावं लागलं तर. नापास झालं, मन रमलं नाही, तर सहसा छदामही मिळत नाही. बहुतेक विद्यापीठं पहिल्या काही आठवड्यांनंतर परतावा बंद करतात, तेव्हा आधी ते नियम वाचा. पॉलिसीत मानसिक आजार आणि जुनी दुखणी धरली आहेत का, हे लेखी विचारा. घर गहाण ठेवून फी भरली असेल, तर माझ्या मते सत्र सुरू होण्याआधी हा विमा घ्यावाच.