आगोट भरली, जनरेटरचे काय?

मृग आठवड्यावर आला. कोकणात घरोघर आगोटीची गडबड चालू आहे. मीठ, मसाला, कांदे, सुकी मासळी, सरपण, सगळे पावसाआधी घरात आले पाहिजे. छपरे शाकारून झाली, होड्या वर ओढून झाकल्या. चार महिने बाहेर पडता येणार नाही असे धरूनच आपली माणसे तयारी करतात, आणि ती रीत शहाणपणाची आहे. पण वाचकहो, या आगोटीत एक वस्तू दरवर्षी राहून जाते. ती आपल्या घरात नसते, म्हणून आठवत नाही. ती म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला जनरेटर.

जनरेटर आहे का, असे विचारा. उत्तर 'आहे' असेच येईल. साठा नोंदवहीत त्याचा क्रमांक आहे, अंगावर निधीचे नाव रंगवलेले आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. तो सुरू होतो का? आणि शेवटचा कधी झाला होता?

३ जून २०२० आठवून बघा. 'निसर्ग' चक्रीवादळ त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. विजेचे खांब मोडले, तारा लोळल्या, मोबाइलचे मनोरे मुके झाले. रायगडच्या दक्षिण भागात आणि मंडणगड-दापोलीकडे कित्येक गावांनी पुढचे अनेक दिवस, काहींनी तर आठवडे, अंधारात काढले. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले तेव्हा करोनाची दुसरी लाट चालू होती आणि रुग्ण ऑक्सिजनवर होते. असे दिवस पुन्हा येणार नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय?

आरोग्य केंद्राला वीज कशाला लागते हे सांगायला नको. लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. त्यांचा फ्रीज झाकण न उघडता काही तास, फार तर एखादा दिवस तग धरतो, आठवडाभर नाही. रात्रीच्या बाळंतपणात नवजात बाळाला ऊब देणारे यंत्र, घशातला स्राव ओढणारे यंत्र, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, साधा दिवा, सगळे विजेवर. मैदानी भागात ३० हजार आणि डोंगरी, आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष. म्हणजे त्या एका शेडवर वीस-तीस हजार माणसांची रात्र अवलंबून आहे.

उभे यंत्र आजारी पडते

गेल्या पावसाळ्यात एका आरोग्य केंद्रात आम्ही सहज मागच्या बाजूला गेलो. जनरेटर चांगला, फार जुना नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढलेला. पॅनलवरचे बटण 'ऑफ'वर. नोंदवहीत शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची. "मध्येच सुरू होतो आणि आवाज होतो, म्हणून बंद करून ठेवलाय," असे शांतपणे सांगण्यात आले. आता बोला! स्वयंचलित यंत्र घेतले, आणि ते स्वतःहून चालते म्हणून बंद केले.

यंत्र वापरून झिजते, तसे न वापरूनही बिघडते. जनरेटर ऐन वेळी सुरू न होण्याचे सर्वात नेहमीचे कारण म्हणजे उतरलेली बॅटरी. चार्जर नसेल, किंवा असून बंद असेल, तर बॅटरी आपोआप उतरते. दुसरे कारण डिझेल. टाकी अर्धी रिकामी राहिली की दमट हवेतले पाणी आत सुटते, तळाशी साचते आणि फिल्टर चोंदतो. तिसरे, आपली खारी हवा. तिने चेंजओव्हरचे संपर्क काळे पडतात, स्क्रू गंजतात. शिवाय उंदराला वायरचे वेष्टण आवडते आणि मुंग्यांना पॅनलची ऊब.

कोणत्याही तांडेलाला विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण ऑगस्टला समुद्रात जायच्या दिवशीच पहिल्यांदा इंजिनाला हात लावणारा तांडेल सापडणार नाही. तो आधी चार वेळा चालवून, आवाज ऐकून खात्री करतो. कारण इंजिन बंद पडले तर जीव त्याचा जातो. आरोग्य केंद्राचा जनरेटर बंद पडला तर जीव दुसऱ्याचा जातो. घोडे इथेच पेंड खाते.

छोटी पेटी, मोठे काम

यावर एक साधा तोडगा आहे. त्याला एक्सरसायझर म्हणतात. नाव मोठे असले तरी वस्तू तळहाताएवढी, एक घड्याळ आणि एक संपर्क. ते कसे चालते हे नीट समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही.

वीज गेली की आपोआप जनरेटर चालू करणाऱ्या पॅनलला आपल्याकडे एएमएफ पॅनल किंवा ऑटोमॅटिक चेंजओव्हर म्हणतात. त्यात सतत लाइनीवर नजर असते. वीज गेली की पॅनल काही सेकंद थांबते आणि दोन तारांचा संपर्क जोडते. तोच इंजिनाला 'सुरू हो' हा निरोप. इंजिनाचा वेग आणि दाब जमला की चेंजओव्हर केंद्राचा भार जनरेटरवर टाकतो. वीज परतली की थोडा वेळ खात्री करून भार पुन्हा लाइनीवर जातो आणि इंजिन थंड होऊन थांबते.

एक्सरसायझर याच दोन तारांना समांतर जोडतात. तुम्ही वार, वेळ आणि मिनिटे लावून द्यायची. ठरल्या वेळी तो संपर्क जोडतो आणि इंजिनाला वाटते वीज गेली. वीस मिनिटे चालून ते थांबते. मध्येच खरोखर वीज गेली, तर पॅनल आपले नेहमीचे काम करते.

बसवण्याचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे. आधी निवड-बटण 'ऑफ', लाइन बंद, चार्जर बंद आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवलेले, मगच पॅनल उघडायचे. नाही तर हात आत असताना इंजिन फिरायला लागेल. पेटीला वीज बॅटरीवरून, फ्यूज घालून द्यायची. पुष्कळ साध्या पेट्यांचे घड्याळ बॅटरी काढली की वेळ विसरते, म्हणून बॅटरी बदलल्यावर वार-वेळ पुन्हा लावावी लागते. शेवटी मुख्य स्विच पाडून खरीखुरी चाचणी घ्यायची. ती झाल्याशिवाय कामाच्या बिलावर सही करू नये.

आणखी एक गोष्ट, पैसे वाचवणारी. अलीकडच्या बऱ्याच एएमएफ पॅनलमध्ये ही सोय मुळातच असते. कोणी लावलेली नसते इतकेच. तेव्हा नवी पेटी मागवण्याआधी जुने माहितीपुस्तक उघडून बघा.

पेटीला कान नसतात

इथवर वाचून कोणी म्हणेल, झाले, पेटी बसवा आणि निश्चिंत व्हा. तसे होणार नाही, आणि सांगायचा मुद्दा नेमका हाच आहे. पेटी इंजिनाला उठवते. ते उठले नाही हे ऐकायला माणूस लागतो.

बटण 'ऑफ'वर राहिले तर पेटीची आज्ञा कोणी ऐकत नाही. दर आठवड्याला डिझेल थोडे थोडे जळते. टाकी भरायची जबाबदारी कोणाची नसेल, तर सरावानेच टाकी कोरडी होऊन वादळाच्या रात्री इंजिन उपाशी राहील. पेटी नुसते इंजिन चालवत असेल, तर चेंजओव्हर काम करतो की नाही हे कळतच नाही. शिवाय डिझेल इंजिन नेहमी बिनभाराचे चालवले तर ते पुरते तापत नाही, अर्धवट जळलेले डिझेल आणि काजळी आत साचते, सायलेन्सरमधून काळे तेलकट पाणी ठिबकू लागते. म्हणून अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या ११० क्रमांकाच्या मानकात महिन्यातून किमान एकदा ३० मिनिटे इंजिन पुरेसे तापेल अशा भारावर, नाहीतर क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर चालवण्याची अट आहे. १५ केव्हीएचा संच असेल तर हा भार साधारण साडेतीन किलोवॅट होतो. दिवे, पंखे, फ्रीज आणि पाण्याचा पंप एकदम लावले की तेवढा जमतो.

तेव्हा सरावाची वेळ रात्रीची नको. माणसे हजर असतात अशी दिवसाची हवी. मंगळवारी सकाळी अकराला जनरेटर सुरू झाला नाही तर तक्रार करायला, बॅटरी आणायला सवड असते. वादळात रात्री दोनला ती नसते. पेटीचा खरा फायदा एवढाच: बिघाड आपल्या सोयीच्या वेळी उघडा पडतो.

पैसा कुठे अडतो

मग हे होत का नाही? यंत्र घ्यायला निधी मिळतो. जिल्हा नियोजन समिती, जिल्हा परिषद, एखादा दानशूर उद्योग, कोणीतरी देतो. नारळ फुटतो, फोटो छापून येतो. डिझेल, बॅटरी, ऑइल यांच्या उद्घाटनाला कोणी येत नाही. आपणच हिशेब करू. आठवड्याला वीस मिनिटे आणि महिन्यातून एकदा भारावर अर्धा तास धरला तर लहान संचाला वर्षाला पन्नास-साठ लिटर डिझेल पुरावे. लिटरला ९० रुपये धरले तरी रक्कम पाच हजारांच्या आसपास. लाखोंच्या यंत्रापुढे ही रक्कम काय? पण ती कोणत्या शीर्षकाखाली टाकायची, यावर कागद फिरत राहतो. ऑपरेटरचे वेगळे पद नसते. कधी शिपाई, कधी रुग्णवाहिकेचा चालक वेळ मिळेल तसे बघतो. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही.

किनारपट्टीवर चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून निवारा इमारती आणि भूमिगत वीजवाहिन्यांची कामे हाती घेतली गेली, हे चांगलेच झाले. पण निवारा म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस रिकामी राहणारी इमारत. तिथल्या जनरेटरला सरावाची गरज आरोग्य केंद्राहून अधिक. सौर पॅनल आणि इन्व्हर्टर उपयोगी खरेच. पण आषाढातल्या सलग आठ दिवसांच्या झडीत त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची?

हे फक्त सरकारी केंद्रांपुरते नाही. दुधाचे शीतकरण केंद्र, बर्फाचा कारखाना, बंदिस्त शेडची पोल्ट्री, यांच्याकडेही जनरेटर असतो. बंद शेडमधले पंखे थांबले तर कोंबड्या काही मिनिटांत गुदमरू लागतात. दुकानदारांकडचे छोटे पेट्रोल जनरेटर वेगळ्या कारणाने अडतात. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल ओलावा ओढते. महिनोन्‌महिने टाकीत पडलेले पेट्रोल कार्ब्युरेटर चोंदवते. हंगाम संपला की टाकी रिकामी करा. आणि दोन गोष्टी जिवावरच्या: जनरेटर बंद खोलीत चालवू नका, धुरातला विषारी वायू झोपेतच माणूस नेतो; आणि चेंजओव्हर न लावता घराच्या प्लगमध्ये उलटी वीज सोडू नका. ती ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून हजारो व्होल्टची होते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो, तुमचीच लाइन दुरुस्त करायला आलेला.

तीन प्रश्न विचारा

वाचकहो, या आठवड्यात एक काम करा. आपल्या आरोग्य केंद्रात जा आणि भांडण न करता तीन प्रश्न विचारा. जनरेटर शेवटचा कधी चालला? भारावर चालला का? त्याची जबाबदारी नावाने कोणावर आहे? रुग्ण कल्याण समितीचे सदस्य तुमच्या ओळखीचे असतील, तर त्यांना पुढच्या बैठकीत दोन ठराव घ्यायला सांगा: वर्षाच्या डिझेलची आणि बॅटरीची तरतूद, आणि दर मंगळवारच्या नोंदीखाली वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही. एक्सरसायझर त्यानंतर. नोंदवही आधी, पेटी मागाहून. उलटे केले तर पेटीवरही धूळच बसेल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इथे तर विहीर खणलेली आहे. पोहरा आत सोडून पाणी आहे की नाही एवढे बघायचे राहिले आहे. मृग लागण्याआधी ते बघून घ्या.