संगणकाचे रूळ बदलायचे का?

टेंभुर्णीहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. नाव छापू नका म्हणते, कारण घरात भांडण चालू आहे! आणि भांडण कशावरून, तर संगणकावरून.

हिच्या पप्पांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाचा हिशेब ज्या संगणकावर होतो, त्याच्यावरच संध्याकाळी हिचा अभ्यास आणि दादाचे उद्योग चालतात. संगणक दहा-अकरा वर्षांचा, त्यावर विंडोज १०. आणि पडद्यावर सारखी सूचना येते, की या विंडोजची मुदत संपली, ११ घ्या. पण हा संगणक ११ साठी चालणार नाही, असंही तीच सूचना सांगते! दादा म्हणतो, "लिनक्स टाकूया, फुकट आहे." पप्पा म्हणतात, "माझ्या हिशेबाला हात लावायचा नाही." मम्मीचं म्हणणं, "चालतंय ना? मग कशाला छेडता?" आणि आपली मैत्रीण विचारते, "यांतलं बरोबर कोण?"

गंमत सांगू का? तिघंही थोडेथोडे बरोबर आहेत. म्हणून तर भांडण मिटत नाही.

आधी हे बघू, की विंडोज किंवा लिनक्स म्हणजे नक्की काय. टेंभुर्णीकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण कुर्डुवाडी जवळ आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, बार्शीची छोटी गाडी आठवते का. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. तिचे दोन रूळ एकमेकांपासून फक्त अडीच फुटांवर होते. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या रुळांतलं अंतर होतं साडेपाच फूट. आता मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळावर चढणार कसा? म्हणून कुर्डुवाडीला हमाल एका गाडीतला माल उतरवायचे आणि दुसऱ्या गाडीत चढवायचे. माल तोच, पोतंही तेच, पण डबा वेगळा. या शतकात ते सगळे मार्ग टप्प्याटप्प्याने मोठ्या रुळांचे झाले आणि छोटी गाडी गेली.

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हे असे रूळ आहेत. यंत्र म्हणजे खालची जमीन. प्रोग्राम म्हणजे डबे. विंडोजच्या रुळांसाठी बनवलेला डबा लिनक्सच्या रुळांवर आपला आपण धावत नाही. तुमच्या फायली म्हणजे फोटो, निबंध, गाणी. हा झाला माल. तो बहुतेक वेळा उचलून दुसऱ्या डब्यात ठेवता येतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मं भांडण मिटलं. कारण प्रश्न 'कोणते रूळ चांगले?' हा नाहीच. आपल्याला कोणते डबे चालवायचे आहेत, हा आहे.

आता मम्मींच्या म्हणण्याकडे वळू. चालतंय ना? हो, चालतंय. विंडोज १० आलं २०१५ मध्ये, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे त्या रात्री संगणक बंद पडला का? मुळीच नाही. पण कुठल्याही मोठ्या प्रोग्राममध्ये भोकं असतात, ती एकेक करून सापडत राहतात. कंपनी त्यांवर ठिगळं लावून पाठवते. ती ठिगळं येणं थांबलं, की नवीन सापडलेलं भोक उघडंच राहतं. पाऊस नसेल तोवर गळकं छप्पर कुणाला कळतं? पण त्या संगणकावरून पप्पा बँकेचा व्यवहार करत असतील तर मम्मींचं 'छेडू नका' महागात पडू शकतं. यावर कंपनीने एक सोय जाहीर केली होती. जे नोंदणी करतील त्यांना सुरक्षेची ठिगळं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे ती कायमची सुटका नव्हे, वर्षाभराची सवड.

मग ११ का चालत नाही? संगणक कमजोर आहे म्हणून? अगदी तसंच नाही. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा कंपनीने अटी घातल्या. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात हवी, आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे धडधाकट चालणारे लाखो संगणक एका यादीमुळे म्हातारे ठरले. मला हे काही पटत नाही, पण कंपनी आपलं ऐकणार थोडीच! अटी चुकवून ११ बसवून देणारे 'तज्ज्ञ' प्रत्येक गावात असतात. दुकानाच्या संगणकावर तो खेळ नको. पुढची ठिगळं मिळतीलच याची हमी तिथे कंपनी देत नाही. आणि चोरीची प्रत तर नकोच नको.

आता दादाचं लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने स्वतःच्या संगणकासाठी कार्यप्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही वाचा, बदला, वाटा! जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. त्याच्या आधीपासून, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांचे साथी 'ग्नू' या नावाने असेच मुक्त प्रोग्राम लिहीत होते. दोन्ही एकत्र आलं आणि पूर्ण कार्यप्रणाली तयार झाली. तुम्ही म्हणाल, आम्ही तर हे कधी पाहिलंच नाही. पाहिलंय की! घरातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं अशाच मुक्त प्रणालीवर संगणक शिकत आहेत. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची एक लिनक्स प्रणाली काढली, भारतीय भाषांसाठी. तेव्हा 'फुकट म्हणजे टाकाऊ' हा गैरसमज आधी काढून टाका.

पण दादा, जरा थांब हं! पप्पांचा हिशेब टॅलीत आहे, असं पत्रात लिहिलंय. टॅली हा विंडोजचा डबा. लिनक्सवर तो थेट चालत नाही. काही खटपटी करून चालवतात लोक, पण खरिपाच्या तोंडावर दुकानात गर्दी असताना बिल निघालं नाही, तर त्या खटपटीचं कौतुक कोण करणार? जीएसटीचं विवरणपत्र मात्र ब्राउझरमधून भरतात. ब्राउझरमधलं काम म्हणजे महामार्गावरचा ट्रक, त्याला रूळ कसलेही असले तरी फरक पडत नाही. तेव्हा एक वही घ्या आणि या संगणकावर आठवडाभरात कोण काय काय करतं ते लिहून काढा. प्रत्येकासमोर लिहा, हे ब्राउझरमध्ये होतं की वेगळ्या प्रोग्राममध्ये. दादाने गृहीत धरलेल्या कितीतरी गोष्टी त्या वहीत वेगळ्याच निघतील. प्रिंटर विसरू नका! नव्या प्रणालीवर प्रिंटर रुसणं हा अनेक घरांतला अनुभव आहे.

मराठीचं काय, असंही मैत्रिणीने विचारलंय. हा प्रश्न मला फार आवडला. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी लिनक्सवर नीट दिसतं. सरकारने १९८०च्या दशकात ठरवलेली इनस्क्रिप्टची कळफलक-रचना दोन्हीकडे सारखीच मिळते, एकदा बोटांना वळण लागलं की कुठेही बसा. फरक पडतो तो फाँटचा. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी या आपल्या थोर अक्षरकाराने घडवलेला. लिनक्समध्ये तो नसतो, दुसरा फाँट त्याची जागा घेतो. मग तुझ्या प्रकल्पाचं बारा पानांचं काम साडेबारा पानांचं होईल, चित्र खाली सरकेल. लिब्रेऑफिस वर्डची फाइल उघडतं, पण मांडणी तंतोतंत राहीलच असं नाही. शाळेत द्यायची प्रत पीडीएफ करून दिलीस की झालं. एक गोष्ट मात्र वेगळी. पप्पांनी दुकानाच्या जाहिराती, ताईची लग्नपत्रिका वगैरे जुन्या श्रीलिपीच्या फाँटमध्ये करून घेतली असेल, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. विंडोजवरही तसंच होतं, तो दोष लिनक्सचा नव्हे.

आता यातली मजेची गोष्ट. लिनक्स बसवायच्या आधी नुसतं चालवून बघता येतं. लिनक्स मिंटसारखी प्रणाली उतरवून पेन ड्राइव्हवर चढवायची आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या डिस्कला काही होत नाही. फक्त 'इन्स्टॉल' लिहिलेल्या चित्राला हात लावायचा नाही, बरं का! सगळं थोडं संथ चालेल, कारण ते पेन ड्राइव्हवरून चाललंय. त्यात वाय-फाय लागतंय का, प्रिंटर छापतोय का, आवाज येतोय का, हे वही बघून तपासा. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला, की पप्पांचं विंडोज होतं तिथेच.

आणि माझा निकाल? मी पप्पांच्या बाजूने. दुकानाच्या डिस्कवर लिनक्स बसवू नका. डिस्कचे दोन भाग करून दोन्ही प्रणाली ठेवता येतात, पण भाग पाडताना वीज गेली तर हिशेब कुणाकडे मागणार? दादाला एवढीच हौस असेल तर त्याने वेगळी छोटी एसएसडी डिस्क आणावी, ती नव्या संगणकाच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते. संगणक बंद करून, प्लग काढून, पप्पांच्या डिस्कची वायर सोडवून ठेवायची आणि मगच नव्या डिस्कवर लिनक्स बसवायचं. असं केलं की चूक झाली तरी ती दादाच्या डिस्कवर होईल. नंतर वायर जोडली, की सकाळी दुकानाचं विंडोज आणि संध्याकाळी पोरांचं लिनक्स. आणि पप्पांनीही ती सवड कायमची समजू नये. पुढचा नवा संगणक येईल तो दुकानासाठी, आणि हा जुना पोरांच्या खोलीत, पूर्ण लिनक्सवर. नेटवरचे खेळ दुकानाच्या विंडोजवर उतरवणं मात्र आजपासून बंद. हे दादासाठी लिहितोय!

हे सगळं करायच्या आधी टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी घ्या, त्यांतला एक घराबाहेर, म्हणजे काकांकडे वगैरे ठेवा. आणि लिनक्ससाठी आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. तेव्हा ताईच्या लग्नाचे फोटो ज्यात आहेत, तो नको घेऊस.