ओतलेला निळा
आधुनिक चिनी चित्रकलेत निळा रंग सर्वांत धीटपणे वापरला तो झांग दाछियान (१८९९–१९८३) यांनी. हा निळा अझुराइट या तांब्याच्या खनिजाचा. दगड खलून पूड सरसाच्या पाण्यात कालवतात. भरड कण गडद दिसतात, वस्त्रगाळ पूड फिकट आकाशी. जुन्या निसर्गचित्रांत तो रेषांच्या चौकटीत भरला जाई. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला दुनहुआंगच्या गुंफांतली भित्तिचित्रं उतरवून घेताना झांग यांना खनिजरंगांची ताकद उमगली. पुढे मधुमेहाने दृष्टी अधू झाली, बारीक रेघ अवघड होऊ लागली; तेव्हा त्यांनी शाईसोबत निळाच ओतायला सुरुवात केली. सुमारे दहा मीटर लांबीच्या, अपुऱ्या राहिलेल्या ‘लू पर्वत’ या भव्य चित्रात कडे आणि धुकं या ओघळांतूनच घडतात. झाडं, घरं मागाहून मोजक्या रेघांनी येतात.