मेल्याला निघण्याआधी फोनबद्दल थोडं
(ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना जाहीर आवाहन)

ग्वाल्हेरकर मंडळी,

चोरून टिपून घेण्याची एक गोष्ट आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ नावाचे जबरदस्त गवई होते. त्यांची तान हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांना हवी होती, पण खाँसाहेब काही शिकवणाऱ्यातले नव्हते. मग दरबारातूनच सोय लावली गेली म्हणतात. खाँसाहेब गायला बसले की या दोघांना पडद्याआड बसवायचं. महिनोन्‌महिने ते ऐकत राहिले आणि एके दिवशी भर दरबारात तीच गायकी त्यांनी गाऊन दाखवली. मोहम्मद खाँ संतापून निघून गेले. आपण ही गोष्ट घराण्याच्या अभिमानाने सांगतो. अभिमान वाटावा असं तिच्यात आहेही, कारण नुसतं ऐकून अशी तान गळ्यात उतरवायला छाती लागते. पण मोहम्मद खाँच्या बाजूने ही गोष्ट सांगताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही.

आता चोरून टिपायला पडद्याचीही गरज उरलेली नाही आणि मेहनतीचीही. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेन समारोह होईल, पाठोपाठ मेला लागेल. ('मेल्यात जाऊन येऊ' म्हटलं की पुण्याचे पाहुणे दचकतात. पण १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेल्या आपल्या मेल्याला मेळा म्हटलं, तर निदान मला तरी तो परका वाटेल.) मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. म्हणजे दोन-अडीच महिने आपण सगळे गर्दीत असणार आणि प्रत्येकाच्या मुठीत कॅमेरा असणार. त्याआधी एक विनंती करायची आहे. अनोळखी माणसाचा चेहरा टिपण्याआधी त्याला विचारा. विचारायचं राहून गेलं असेल, तर तो फोटो निदान पुढे पाठवू नका.

हे सांगायचा मला कितपत अधिकार आहे, तेही ऐका. तीन वर्षांपूर्वीची संक्रांत. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला यजमान गेलेल्या बायकांनाही बोलवायचं, असं आम्ही घरात ठरवलं होतं. मागच्या गल्लीतल्या एक काकू पहिल्यांदाच आल्या आणि उंबऱ्यापाशी थबकल्या. आमची सून करंडा घेऊन पुढे झाली. काकूंनी डोळे मिटून घेतले. कुंकू टेकलं तेव्हा त्यांची हनुवटी थरथरत होती आणि डाव्या हाताने त्यांनी पदराचं टोक घट्ट पिळून धरलं होतं. हे इतकं बारकाईने मला आठवतं, कारण ते मी नंतर दहा वेळा पाहिलं. मी फोनवर टिपत होते. काकूंना विचारलं नव्हतं. सुचलंच नाही, कारण माझ्या मते मी एक चांगलं काम नोंदवून ठेवत होते. 'नवी सुरुवात' असं वर लिहून मी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथून इंदूर, मग देवास, आणि चौथ्या दिवशी काकूंच्या दिरांच्या फोनवर. काकूंना काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. आम्ही वाण म्हणून दिलेली स्टीलची वाटी मात्र नातवाच्या हाती परत आली. पुढच्या संक्रांतीला त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

काकूंनी काही लपवलं नव्हतं. पंधरा बायकांच्या देखतच त्यांनी कपाळ पुढे केलं. पण तो धीर पंधराजणींपुरता होता. तो आणखी किती डोळ्यांपुढे न्यायचा, हे ठरवणं त्यांचं होतं आणि ते मी ठरवून टाकलं. 'चारचौघांत घडलं ना, मग त्यात खासगी काय?' असं विचारणारे भेटतात, तेव्हा मला ती वाटी आठवते.

कॅमेरा पहिल्यापासून असा न विचारता टिपणारा नव्हता. लाला दीनदयाळ यांनी १८८०च्या दशकात आपल्या किल्ल्याचे फोटो काढले, ते आजही छापले जातात. तिपाई रोवायची, काचेची प्लेट बसवायची, डोक्यावर कापड घ्यायचं, आणि समोर माणूस असेल तर त्याला 'हलू नका' म्हणायचं. म्हणजे विचारणं त्या यंत्रातच होतं. समोरचा तयार नसेल तर फोटो उठायचाच नाही. याच दीनदयाळांनी पुढे निजामाच्या राज्यात १८९२ मध्ये खास जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायका तिथे फोटो काढून घ्यायला येत आणि कॅमेऱ्यामागेही बाईच असे. त्या जगातले जाच मला माहीत आहेत, त्याचं कौतुक करत नाही. पण आपल्याला कोण पाहणार, याचा विचार त्या खोलीच्या भिंती बांधतानाच झाला होता.

त्या सुमारास अमेरिकेत हातात मावणारा कोडॅक आला, १८८८ मध्ये, आणि 'हलू नका' म्हणण्याची गरज संपली. दोनच वर्षांनी, १८९० साली, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावरचा तो गाजलेला लेख लिहिला. झटपट निघणारे फोटो आणि ते छापणारी वर्तमानपत्रं हेच त्यांचं दुखणं होतं. सव्वाशेहून अधिक वर्षं उलटली, दुखणं तेच आहे. छापखाना तेवढा आता प्रत्येकाच्या खिशात आला.

आता मला खरं जे बोलायचं आहे ते. आपण विचारतच नाही असं नाही. समारोहात पंडितजी मंचावरून उतरले की आपण चप्पल काढून, वाकून, 'एक फोटो घेऊ का?' म्हणतो. डॉक्टर, कलेक्टर, वकीलसाहेब यांना विचारतो. मेल्यात परातीएवढा पापड तळणाऱ्या बाईला कोणी विचारतं का? तिच्या पायाशी पोत्यावर झोपलेल्या लेकराचा फोटो घेताना? बाड्याच्या चौकात भर दुपारी ई-रिक्षाबाहेर पाय काढून घोरणाऱ्या माणसाला तर झोपेतच 'जगातली सर्वात सुखी नोकरी' अशा मथळ्याखाली गावभर फिरवलं जातं. तो पहाटे चारला स्टेशनवर उभा होता, हे त्या मथळ्यात मावत नाही. जो आपल्याला 'नाही' म्हणू शकतो, त्यालाच आपण विचारतो. ज्याच्या तोंडून 'नाही' निघणं अवघड, त्याला गृहीत धरतो.

आपल्या राज्यातली ताजी गोष्ट आहे. अहिल्याबाईंच्या महेश्वरची एक किशोरवयीन मुलगी जानेवारी २०२५ मध्ये घरच्यांबरोबर प्रयागराजच्या कुंभाला माळा विकायला गेली. कोणीतरी तिच्या डोळ्यांचा व्हिडिओ टाकला. काही दिवसांतच तिच्याभोवती माळा घेणारे कमी आणि फोन रोखणारे जास्त, अशी गर्दी जमली. धंदा बसला आणि शेवटी वडिलांनी तिला घरी पाठवलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक असेलच, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. पुढे तिला सिनेमा मिळाला, म्हणून 'भलंच झालं की पोरीचं' असं म्हणणारे आमच्याही घरात निघाले. लॉटरी लागली म्हणून खिसा कापणारा दाता ठरत नाही. त्याच कुंभात स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ काढून ते विकायला ठेवल्याचं उघडकीला आलं आणि उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे दाखल करावे लागले. बायका गंगेत उतरल्या होत्या, बाजारात नव्हे.

'मग फोटो काढायचेच नाहीत का?' असं माझ्या भाच्याने विचारलं. तो हौशी छायाचित्रकार आहे, आणि बरा आहे. त्याला मी भोपाळची आठवण करून दिली. डिसेंबर १९८४, विषारी वायू, आणि मातीत अर्धं पुरलेल्या एका बाळाचा चेहरा. रघु राय यांनी तो टिपला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ते बाळ कोणाचं हे कळलं नाही, त्यामुळे परवानगी कोणाकडे मागणार हा प्रश्नच होता. तरी तो फोटो काढायलाच हवा होता असं मी म्हणेन, कारण तो बाळाकडे बोट दाखवत नाही, ज्यांनी हे घडवलं त्यांच्याकडे दाखवतो. लाच मागणारा, हात उगारणारा, नाल्यात कचरा ओतणारा ट्रक यांचं चित्रण करायला मी कोणाला अडवणार नाही. झाशी रोडवर अपघात झाल्यावर गोल करून उभे राहिलेले फोन मात्र कोणाकडे बोट दाखवत असतात? रक्तात पडलेल्या माणसाच्या बायकोला ही बातमी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळावी, हे कुठलं पुण्य? तो फोन १०८ लावायला वापरा. मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाच्या कटकटीपासून संरक्षण देणारं कलम २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलं आहे, तेव्हा 'नंतर साक्षीला बोलावतील' हा बहाणा उरलेला नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. त्याआधी या हक्काची चर्चा ज्या खटल्यांतून पुढे सरकली, त्यातला एक आपल्या राज्यातला होता. पोलिसांच्या पाळतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचा, १९७५चा, गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला किमान एक वर्षाची कैद आहे. त्या कलमातलं एक स्पष्टीकरण मला फार शहाणपणाचं वाटतं. चित्र काढायला संमती दिली, म्हणजे ते तिसऱ्याला दाखवायला दिली असं होत नाही. टिपणं वेगळं, पाठवणं वेगळं. दोन्हींसाठी दोनदा विचारायचं.

पण बाड्यावर भाजी घेणाऱ्या माणसाचा साधा फोटो काढणं हा सहसा गुन्हा नसतो. म्हणून तर हे आवाहन आहे, नोटीस नव्हे.

काय करता येईल? शब्दांचीही गरज नसते. फोन दाखवून भुवई उंचावली तरी समोरच्याला कळतं. तो हसला तर काढा. तिने पदर ओढला, त्याने हात आडवा धरला, तर फोन खिशात. 'अहो, एकच' नको. मुलांचा फोटो असेल तर मुलाला नाही, त्याच्या आईला विचारा. मूल तर चॉकलेटलाही हो म्हणतं. कोणी 'काढून टाका' म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांसमोर काढून टाका आणि 'नुकतेच हटवलेले' या फोल्डरमधूनही घालवा, तिथे तो महिनाभर दबा धरून असतो. मुक्तिधामात आणि दवाखान्यात फोन बाहेर काढूच नका. मंडळांच्या ग्रुपचे ॲडमिन लोक सकाळी गुलाबाची फुलं पाठवण्यात तत्पर असतात, त्यांनी अनोळखी माणसाची टर उडवणारी क्लिप आली की ती काढायलाही तेवढीच तत्परता दाखवावी. कोणाचा फोटो वाईट रीतीने पसरलाच असेल, तर त्या बाईलाच 'तू तिथे गेलीसच कशाला' असं विचारू नका. लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. बायका आणि मुलांबाबतची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.

आणि कोणी 'नको' म्हटलं, तर त्याला मागासलेला समजू नका. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. तबकडीचा जमाना त्यांनी पाहिला, पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी निघाली नाही. आपण आजही हळहळतो. हळहळावं, पण गाणं त्यांचं होतं. युनेस्कोने २०२३ मध्ये ज्या गावाला संगीताचं शहर म्हटलं, त्या गावाला हे कळायला जड जाऊ नये.

आमच्यापुरतं आम्ही ठरवलं आहे. यंदाच्या हळदीकुंकवाला दाराशी, गुलाबदाणीच्या शेजारी, आजेसासूबाईंची पितळी परात ठेवणार. येणारीने फोन त्यात ठेवायचा आणि मग आत यायचं. ज्यांना फोटो हवा असेल, त्यांचा शेवटी अंगणात, विचारून. परवा मी स्वतः काकूंकडे जाऊन बोलावणं करून आले. त्यांनी परातीचं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "आणि तुझा फोन?"

"सगळ्यात खाली, काकू."

"बघू," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

तुमची,
लष्करमधली एक शेजारीण