भरतीचं ग्राउंड आणि नवा बूट

पहाटे पाचला वाशिम, रिसोड किंवा मंगरूळपीरच्या बाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतील. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला हा आपला जिल्हा. कारखाने मोजके, शेती बहुतेक पावसावरची. अशा घरात वर्दीवर किती आशा लागून असते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण धावण्याचे, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. मुलांना पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ग्राउंडची तारीख लागली की घरचे सोयाबीनच्या पैशातून नवे बूट घेऊन देतात, आणि पोरगं तेच कोरे बूट घालून चाचणीला उतरतं. दुसऱ्या फेरीत टाच सोलवटते. वर्षभराची मेहनत अशी टाचेपाशी अडावी, याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे पूर्ण टाळता येतं.

फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाही. कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे-मागे सरकत राहतं. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. घामाने ओली झालेली कातडी जास्त चिकटते, म्हणून सुती मोजा घातक. तो घाम धरून ठेवतो. धावायला नायलॉन-पॉलिएस्टरचा, पायाला घट्ट बसणारा मोजा घ्या. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की सुरुवातीला घर्षण कमी होतं, पण तासाभराने ते उलट वाढतं. लांबच्या सरावात त्यावर विसंबू नका.

त्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारी मायक्रोपोरची कागदी पट्टी बरी. बूट जिथे चावतो तिथे ती कोरड्या पायावर, फोड येण्याआधी चिकटवायची. अतिदूरच्या शर्यतींतल्या धावपटूंवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. इतक्या स्वस्त वस्तूकडून आणखी काय हवं?

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. धावताना घालणार तेच मोजे घालून दोन्ही पायांत बघा. पुढे अंगठाभर जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. ‘पोराचा पाय वाढेल’ म्हणून शाळेसाठी एक नंबर मोठा बूट घेणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावं. सैल बुटातही पाय सरकतो आणि फोड येतो. आपल्याकडे शाळा उघडतात त्या पावसाच्या तोंडावर, तेव्हा दप्तरात कोरड्या मोज्यांचा एक जोड असू द्या.

फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका. तीच जखमेचं झाकण असते. साबणाने धुवा, झाकून ठेवा. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा १६ वर्षांचा मुलगा १९२४ मध्ये मोजे न घालता टेनिस खेळला. बोटाला फोड आला, त्यातून रक्तात विष पसरलं आणि काही दिवसांत तो गेला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज औषधं आहेत, पण ज्यांना मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली आहे, त्यांच्यासाठी हा धोका आजही खराच आहे.

भरतीच्या पोरापोरींना आणि त्यांच्या आईवडिलांना एकच कळकळीची विनंती. तारखेची वाट पाहू नका, बूट महिनाभर आधी घ्या. पहिले काही दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाला, मग चाला, मग सरावाच्या एखाद-दोन फेऱ्या मारा. आणि ते जमलं नसेल तर चाचणीला जुनेच बूट घालून जा.